पाणबुडीच्या आधीची पानं

विश्वास पाटलांची 'महानायक' आडवं पडून वाचता येत नाही. दहा मिनिटांत मनगट भरून येतं. मांडी घालून बसावं, पुढ्यात उशी घ्यावी आणि तिच्यावर पोथीसारखी उघडून ठेवावी, तेव्हा कुठे ती वश होते. माझ्या हाती आलेली प्रत वाचनालयाची, पुन्हा बांधून घेतलेली. असं जुनं पुस्तक मी आधी मिटलेलंच न्याहाळते. कुठली पानं किती बोटांखालून गेलीत ते कडेवरून कळतं. जिथे वेषांतर आहे, काबूल आहे, बर्लिन आणि पाणबुडी आहे, तिथल्या कडा काळपट, मऊ पडलेल्या. जिथे काँग्रेसच्या बैठका, ठराव, पत्रापत्री, तिथे कागद अजून करकरीत. कुणा वाचकाने पाणबुडीच्या पानावर समासात पेन्सिलीने 'वा!' असं लिहून ठेवलं होतं. ठरावांच्या पानांकडे तो फिरकला नसावा.

१९९८ साली आलेली, नेताजी सुभाषचंद्र बोसांवरची ही कादंबरी आमच्या जबलपुरातल्या मराठी मंडळींनी पावसाळ्यात वाचायला घेतली. पद्धत अशी की प्रत्येकाने एकेक विषय वाटून घ्यायचा, टिपणं काढायची आणि आळीपाळीने बोलायचं. माझ्या वाट्याला 'युद्ध आणि हेर' आलं. का, तर माझे वडील गन कॅरेज फॅक्टरीत होते. "तुमच्या तर घरातच तोफा," म्हणून सगळे मोकळे झाले.

घरात तोफा नव्हत्या. घरात होती ती न बोलण्याची सवय. जबलपूर बाहेरच्यांना माहीत असतं ते भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे. आम्हाला ते माहीत आहे कारखान्यांच्या भोंग्यांवरून. गन कॅरेज १९०४ सालची. खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभा राहिला. व्हेइकल फॅक्टरी १९६९ मधली. लष्कराची ती दणकट 'जोंगा' गाडी, तिच्या नावातला पहिला 'ज' जबलपूरचा. खमरियाच्या रेंजवर चाचणीची तोफ उडाली की पाहुणे दचकतात आणि घरातली माणसं चहा ओतत राहतात.

बाबा संध्याकाळी फाटकावर डबा उघडून दाखवत. आधी झाकण, मग वरचा कप्पा, मग खालचा. रिकाम्या डब्याला लागलेलं वरण पाहून पहारेकरी मान हलवी आणि बाबा सायकलवर टांग टाकत. आई कधी चिडून म्हणे, "पोळीत गुंडाळून तोफ आणताय की काय?" बाबा हसत. आज काय केलंत, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर आयुष्यभर एकच राहिलं: "काम." पण क्वार्टर्समधल्या बायकांना सगळं कळत असे. पासष्टच्या उन्हाळ्यात एकाएकी प्रत्येक घरातून दोन-दोन डबे जाऊ लागले. ओव्हरटाइम. पुढे एकाहत्तरलाही तेच. रेडिओने लढाईची बातमी दिली तेव्हा आई पिठाच्या डब्याकडे बघून म्हणाली, "हे तर मला केव्हाच कळलं होतं." कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, कुठला नकाशा फुटला नव्हता, कणिक किती लागते एवढंच पाहिलं होतं. पुढे हेरांविषयी जे काही वाचलं त्यात बनावट दाढ्या आणि अदृश्य शाई यांच्यापेक्षा हे पीठच जास्त सापडलं. कुठल्या बंदरात कोळसा किती उतरला, कुठल्या छावणीला बटाटे किती गेले. हेर म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरच्या किराण्याचा हिशोब ठेवणारा माणूस.

आता मी राहते ती तिलवाऱ्याच्या वाटेवर. नागपूरचा रस्ता इथे नर्मदा ओलांडतो. जुना पूल खाली, पाण्याशी सलगी करणारा. पावसाळ्यात नर्मदा चढली की आधी त्याच्यावर लोकांची नजर जाते. संक्रांतीला घाटावर जत्रा भरते, तीळ नदीला वाहतात. शहरातून इकडे येताना कंडक्टर "मेडिकल, मेडिकल" असं ओरडतो. अर्धी बस उतरते. त्या मेडिकल कॉलेजचं पूर्ण नाव नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय. बसमध्ये ते कुणी घेत नाही, एवढा वेळ कुणाला आहे? मीही घेत नव्हते. कादंबरी वाचायला लागल्यावर मात्र ते नाव मला टोचू लागलं, कारण मार्च १९३९ मध्ये हा माणूस याच बाजूला आला होता तो अंगात ताप घेऊन, आणि दवाखान्यात जायला त्याने साफ नकार दिला होता.

त्रिपुरी काँग्रेस म्हणून इतिहासात जिचा उल्लेख येतो ती भरली तिलवाऱ्याजवळ. त्रिपुरी ही कलचुरींची राजधानी, आजचं तेवर गाव. नाव तिचं घेतलं आणि नदीकाठी तंबूंचं गाव वसवलं, त्याला विष्णुदत्तनगर म्हटलं. स्वागताध्यक्ष सेठ गोविंददास. काँग्रेसचं ते बावन्नावं अधिवेशन, म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती. रथात अध्यक्षांनी बसायचं, पण अध्यक्षांना बसवत नव्हतं. रथात त्यांची तसबीर बसली. खुद्द अध्यक्ष आले रुग्णवाहिकेतून, स्ट्रेचरवर. त्या वेळचा फोटो अनेकांनी पाहिला असेल: आडवे सुभाषबाबू, डोळे खोल गेलेले, भोवती घरची माणसं.

डॉक्टर म्हणाले, जबलपूरला हलवा, इथे तंबूत काही होणार नाही. नेहरूही समजावायला गेले. बोसांचं उत्तर असं की मी इथे इस्पितळात पडायला आलेलो नाही. अधिवेशन संपण्याआधी हलवण्यापेक्षा इथे मेलो तरी चालेल. आणि मंडपात काय कुजबूज चालली होती? ताप खरा आहे की सोंग? कुणीतरी म्हणालं म्हणे, बगलेत कांदा धरलाय का ते बघा. शाळा चुकवण्यासाठी बगलेत कांदा दाबून बसलेल्या प्रत्येक मराठी पोराला हा संशय कळेल. पण इथे तो देशातल्या सर्वांत मोठ्या राजकीय संस्थेच्या निवडून आलेल्या अध्यक्षावर घेतला जात होता. तापल्या अंगाची शहानिशा करायला निघालेले हे लोक इंग्रजांचे हेर नव्हते. त्याच्याच मंडपातले खादीधारी होते.

निवडून आलेले, हे मुद्दाम म्हणते. २९ जानेवारीला मतं मोजली तेव्हा बोसांना १५८०, पट्टाभी सीतारामय्यांना १३७७. पट्टाभींचा पराभव हा माझा पराभव, असं गांधीजींनी जाहीर केलं. स्वतः ते त्रिपुरीला आले नाहीत; उपोषणाच्या निमित्ताने राजकोटला होते. इथे गोविंदवल्लभ पंतांचा ठराव आला: अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. ठराव संमत झाला. थोडक्यात, घोडा तुमचा, लगाम दुसऱ्याच्या हातात. अध्यक्षीय भाषण थोरले भाऊ शरदबाबूंनी वाचून दाखवलं. छोटंसंच भाषण. युरोपात लढाई पेटणार, तेव्हा इंग्रज सरकारला आत्ताच निर्वाणीचा खलिता द्या, हा त्याचा गाभा. मुदत त्यांच्या मनात सहा महिन्यांची होती.

इथे मी पुस्तक मिटलं आणि बोटांवर महिने मोजले. मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. त्रिपुरीहून खलिता निघाला असता तर त्याची मुदत संपली असती सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. हिटलरने पोलंडमध्ये रणगाडे घातले १ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारलं ३ सप्टेंबरला. अंगात फणफणता ताप, उशाशी बर्फाच्या पिशव्या, बाहेर कांद्याचे विनोद, आणि माणसाचा हिशोब आठवड्याभराने चुकतो. पुढे त्यांना हिटलरचं मन कळलं नाही, जपानच्या तोजोचं किती कळलं देव जाणे. पण तिलवाऱ्याच्या तंबूत पडून त्यांनी युद्धाची तारीख मात्र जवळपास बरोबर ओळखली होती. गंमत म्हणजे हे कुठल्याही गुप्त कागदावरून नाही. वर्तमानपत्रं वाचून.

तेव्हापासून मी ही कादंबरी पुढून मागे न वाचता पाणबुडीकडून उलट वाचू लागले. युद्धकथेत वाचकाला धाडसाची घाई असते. मलाही होती, वि. स. वाळिंब्यांचं 'वॉर्सा ते हिरोशिमा' मी कॉलेजात असताना असंच उड्या मारत वाचलं होतं, तहाची कलमं सोडून आणि बॉम्ब पकडून. पण पाणबुडीत माणूस शिरतो तो का शिरतो? समासात 'वा!' लिहिणाऱ्याला वाटलं असेल, शौर्य म्हणून. मला वाटतं, जमिनीवरचे सगळे दरवाजे एकेक करून लागत गेले म्हणून. पहिला दरवाजा इथे लागला, नर्मदेच्या काठावर. एप्रिलअखेर कलकत्त्याला राजीनामा. ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या पदांवर तीन वर्षांची बंदी. १९४० च्या जुलैमध्ये अटक, नोव्हेंबरअखेर तुरुंगात उपोषण, डिसेंबरात सुटका आणि एल्गिन रोडच्या घरात नजरकैद. उरलं काय? रात्रीची मोटार.

ती मोटार १६ जानेवारी १९४१ च्या रात्री निघाली. वॉंडरर गाडी, चालवायला पुतण्या शिशिर, मागे विमा एजंट मोहम्मद झियाउद्दीन. गोमोह स्टेशनवर गाडी पकडली, पेशावर गाठलं. पुढे पख्तुनांचा मुलुख आणि झियाउद्दीनला पश्तू येत नाही. मग त्यांना मुकं-बहिरं केलं गेलं. सोबतचा माणूस, रहमत खान, वाटेत सांगे: हे आमच्या घरातले थोरले, ऐकू येत नाही, बोलता येत नाही, दर्ग्याला नेतोय. ज्या माणसाची सारी ताकद बोलण्यात, त्याने सरहद्द ओलांडली ती तोंड मिटून. काबूलच्या सरायमध्ये एका अफगाण पोलिसाला संशय आला. तो रोज येऊन बसे. पैसे दिले, पुन्हा आला. शेवटी मनगटावरचं घड्याळ द्यावं लागलं, वडिलांनी दिलेलं. साम्राज्याला हुलकावणी देऊन निघालेला माणूस एका हवालदाराच्या चिरीमिरीला अडतो, हा प्रसंग मला पाणबुडीपेक्षा खरा वाटतो. आपल्यापैकी कितीजणांनी साम्राज्य पाहिलंय? हवालदार सगळ्यांनी पाहिलाय.

इटालियन वकिलातीने पासपोर्ट दिला, नाव ओर्लांडो मात्सोत्ता. मार्चमध्ये काबूल सोडलं, मॉस्कोमार्गे २ एप्रिलला बर्लिन. त्याच मार्चमध्ये इस्तंबूल आणि कैरो इथल्या ब्रिटिश हस्तकांना आदेश गेला होता की हा माणूस वाटेत सापडला तर ठार करा. हे कागद जगासमोर यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आणि रहमत खान? त्याचं खरं नाव भगतराम तलवार. भाऊ हरिकिशन पंजाबच्या गव्हर्नरवर गोळी झाडून १९३१ मध्ये फाशी गेलेला. हा स्वतः साम्यवादी. त्याने सुभाषबाबूंना डोंगरातून सुखरूप नेलं आणि मग तो परत परत काबूलला जात राहिला. इटालियनांना वाटलं आपला माणूस, जर्मनांना वाटलं आपला, पुढे जपान्यांनाही. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर तुटून पडला आणि भगतरामचं सगळं गणित बदललं. तो रशियनांसाठी काम करू लागला, मग इंग्रजांसाठीही. इंग्रजांनी त्याला नाव ठेवलं 'सिल्व्हर'. दिल्लीत बसून त्याच्यामार्फत जर्मनांना खोट्या बातम्या पुरवणारा अधिकारी होता पीटर फ्लेमिंग, जेम्स बाँडचा जनक इयन फ्लेमिंग याचा सख्खा भाऊ. धाकट्याने कल्पनेतला हेर विकून पैसा केला, थोरल्याच्या हाताखाली खरा होता आणि तो पठाणी सलवार घालून पायी डोंगर तुडवत होता. जर्मनांनी या भगतरामला शौर्याबद्दल आयर्न क्रॉस दिला.

आमच्या कट्ट्यावर यावरून चांगलीच जुंपली. एक निवृत्त बँकवाले म्हणाले, गद्दार, दुसरा शब्द नाही. बर्लिनमध्ये नेताजी ज्यांच्या भरवशावर होते त्यांनाच हा थापा मारत होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अहो, पण थापा कुणाला? हिटलरला ना? मग? दोघंही बरोबर आहेत आणि इथेच कादंबरीकाराची खरी परीक्षा असते. नायकाच्या मनात शिरायला वाट असते: पत्रं, भाषणं, आप्तांच्या आठवणी. एकाच वेळी पाच सरकारांना आपला वाटणारा माणूस एकटा असताना स्वतःला काय म्हणत असेल? त्याने पुढे १९७६ मध्ये त्या प्रवासावर स्वतः पुस्तक लिहिलं, तरी तो कळत नाही. मला विचाराल तर त्याने पाचांपैकी चौघांना फसवलं आणि एकाशी, रशियाशी, इमान राखलं. आणि सुभाषबाबूंना ज्या वाटेवरून नेलं त्या वाटेपुरतं त्यांच्याशीही राखलं. नायकावर प्रेम करणं सोपं आहे. भगतरामवर करून बघा.

आता पाणबुडी. फेब्रुवारी १९४३ मध्ये कील बंदरातून यू-१८० निघाली. सोबत आबिद हसन, एकटाच. अटलांटिकमधून खाली, केपला वळसा, वर मादागास्करकडे. अडीच महिने. सगळ्याला डिझेलचा वास, पांघरुणाला, पावाला, हातांना. त्या लोखंडी नळकांड्यात बोस कागद पसरून लिहीत, आपल्या जुन्या पुस्तकाची दुरुस्ती करत. १८ एप्रिलला जर्मनांनी 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. समुद्रावर आग पसरली आणि पाण्यात माणसं होती. २८ एप्रिलला मादागास्करच्या आग्नेयेला जपानी आय-२९ भेटली. समुद्र खवळलेला. दोघं रबरी होडीत उतरले आणि एका देशाच्या पाणबुडीतून दुसऱ्या देशाच्या पाणबुडीत चढले. दोन जपानी अधिकारी उलट बाजूला गेले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुमात्राजवळच्या साबांगला किनारा लागला. 'वा!' म्हणायला माझी हरकत नाही.

पण टिपणं काढताना मी याच पानाशेजारी दुसरी एक पाणबुडी लिहून ठेवली. आदल्या वर्षीची, सप्टेंबर १९४२ ची. पेनांगला हेरगिरीचं शिक्षण दिलेले काही हिंदी तरुण जपान्यांनी असेच रबरी होडीतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरवले; काही केरळात तानूरला, काही तिकडे काठियावाडकडे. धरले गेले. मद्रासला खटला चालला आणि १० सप्टेंबर १९४३ रोजी चौघांना फाशी झाली: वक्कम अब्दुल खादर, फौजा सिंग, सत्येंद्रचंद्र बर्धन, आनंदन. खादर सव्वीस वर्षांचा होता. तेव्हा सुभाषबाबू सिंगापुरात पोचलेले होते, आणखी सहा आठवड्यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा व्हायची होती. तोच समुद्र, तशीच होडी. एकाची होडी कादंबरीचा परमोच्च क्षण ठरते आणि दुसऱ्यांची पोलिसांच्या दप्तरात एक नोंद. याला कादंबरीकाराचा दोष म्हणता येणार नाही. महानायक म्हटला की बाकीच्यांच्या वाट्याला आकाराने छोटंच राहणं आलं. (आझाद हिंद सेनेत मराठी कोण, हा प्रश्न आमच्याकडे विचारला जातोच. जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीकडचे, मराठा पलटणीतले, सेनेचे मोठे अधिकारी. टाळ्या झाल्या.)

थंडीच्या सुरुवातीला, माझी टिपणं रेंगाळली होती तेव्हा, पुस्तक घेऊन मी घाटावर जाऊन बसत असे. परिक्रमावासी येत-जात. त्यांत मराठी बोली हटकून ऐकू येते. या नदीला पायी फेरी घालण्याचं वेड महाराष्ट्राला जसं आहे तसं कुणाला नाही. साताऱ्याकडच्या एक बाई पांढऱ्या साडीत, काठी टेकवून शेजारी बसल्या. पुस्तक हातात घेऊन तोललं.

"एवढं ओझं आम्हाला चालायचं नाही हो, ताई. झोळी पाच किलोच्या वर गेली की खांदा बोलतो. कुणावर आहे?"

"सुभाषबाबूंवर. इथेच आले होते, या बाजूला. आजारी होते."

त्यांनी पाण्याकडे बघून हात जोडले, सवयीने. मग पुढे वाकून, हळू आवाजात, "ते विमानात गेले का हो खरंच? का उगाच म्हणतात?"

हा प्रश्न मला कट्ट्यावर आला, रिक्षात आला, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना आला. १८ ऑगस्ट १९४५, तैवानमधलं तैहोकू, विमान कोसळलं, भाजून मृत्यू. १९५६ ची शाहनवाज समिती, नंतरचा खोसला आयोग, दोघांनी ते मान्य केलं. १९९९ मध्ये नेमलेल्या मुखर्जी आयोगाने अमान्य केलं. मला स्वतःला अपघात खरा वाटतो. पण बाईंना ते पटलं नाही आणि का पटलं नाही हे मला तिथे बसल्या बसल्या उमगलं. जो झियाउद्दीन झाला, मुका पठाण झाला, इटालियन मात्सोत्ता झाला, त्याला लोक मरू देत नाहीत. एकदा इतक्या सफाईने गायब झालेला माणूस मेला असं सांगितलं की ऐकणारा म्हणतो, हा नवा वेष असेल. त्यांच्या गावाजवळ म्हणे एक साधू होता, बंगालीसारखा दिसायचा. प्रत्येक गावाजवळ एक होता.

तिलवाऱ्याला यातली दुसरी बाजू बघायला मिळते. त्रिपुरीला न आलेले गांधीजी इथे आले १२ फेब्रुवारी १९४८ रोजी, अस्थिरूपाने. त्यांच्या अस्थी या घाटावरून नर्मदेत सोडल्या, स्मारक आहे. इथे स्ट्रेचरवरून आलेल्याच्या म्हणून ज्या अस्थी सांगतात त्या टोकियोच्या रेंकोजी मंदिरात ठेवल्यात आणि त्या त्यांच्याच का यावर आपण अजून भांडतो आहोत. इकडे जबलपूरने त्यांचं नाव दिलं दोन मोठ्या सरकारी इमारतींना. एक हे मेडिकल. दुसरा मध्यवर्ती तुरुंग, कारण १९३२ मध्ये त्यांना तिथे ठेवलं होतं. इस्पितळ नको म्हणणारा आणि कैदेतून पसार होणारा माणूस, आणि गावाने त्याला नेमकं तिथेच कायमचं बसवलं.

माझ्या टिपणांचा शेवट मात्र नेताजींवर झाला नाही, जबलपुरावर झाला. लढाई संपल्यावर लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले आणि त्याची धग बराकींपर्यंत गेली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन शाळेतल्या नौसैनिकांनी काम थांबवलं आणि बंड गोदीभर पसरलं. मराठी वाचकाला ते ठाऊक असतं. जबलपूरचं ठाऊक नसतं: २७ फेब्रुवारीला इथल्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातले जवान बराकी सोडून झेंडे घेऊन शहरात आले, काँग्रेसचा आणि लीगचाही, आणि तिलकभूमी तलैयाला जमले. पुढचे काही दिवस मिळून सुमारे सतराशे जण त्यात उतरले. गोऱ्या शिपायांच्या संगिनी चालल्या, कोर्टमार्शल झाली, कित्येकांना घरी पाठवलं. बाबा तेव्हा अठराचे, गन कॅरेजमध्ये नुकते लागलेले. त्यांनी तो मोर्चा पाहिला होता. एकदाच बोलले: "सिग्नलची पोरं होती. चप्पल घालून आली होती, बूट नव्हते पायात." बास, एवढंच.

दोन्हीकडे सिग्नलवालेच, हे मला लक्षणीय वाटतं. सगळी लढाई यांनी दुसऱ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवले. साहेब काय बोलतो, कुठे घाबरतो, कुठली पलटण कुठे हलते, आधी यांच्या कानावर पडणार. यांना हेर व्हायची गरजच नव्हती. नोकरीच तशी होती. या सतराशेंतल्या कुणाला मुंबईची खबर पहिल्यांदा कळली असेल, रात्रपाळीत, कानाला हेडफोन लावून? ती त्याने कुणाला सांगितली, किती वेळ गप्प बसला?

कट्ट्यावर हे सांगून झाल्यावर मागे बसलेला एक मुलगा आला. मोबाइल कंपनीत टॉवरचं काम बघतो, मराठी वाचतो, लिहितोही थोडंफार. म्हटलं, तू लिही यावर. मोर्स तुला शिकता येईल, तलैया तुझ्या घरापासून दोन चौक. तो विचारात पडला.

"पण काकू, यात हिरो कोण?"

"सतराशे आहेत," म्हटलं. "घे त्यातला कुठलाही."